सहस्रमुखी नट लॉन चेनी

एखाद्या थोर मनुष्याचें चरित्र वाचावयास घेतलें म्हणजे आपण प्रथम त्याचें चित्र पाहतों. परंतु ज्याची हकीकत आज आम्ही सांगणार आहों, त्याचें कोणतें चित्र छापावें हाच एक प्रश्न आहे. एका चित्रांत तो कुबडा घंटावाला आहे, दुसऱ्यांत कवटीसारख्या तोंडाचा संगीतकार, तिसऱ्यांत अंगाभोंवतीं शाल लपेटलेली म्हातारी, चौथ्यांत दोन्ही पाय तुटलेला गुंडांचा नायक. हीं सर्व चित्रें एकाच मनुष्याचीं आहेत असें सांगितलें तर नवखा माणूस विश्वास ठेवणार नाहीं. आपल्याकडे बहुरूपी रोज नवा वेष घेऊन दारीं येतो आणि आपण त्याचें कौतुक करितों. अमेरिकेंतील मूकपटांच्या काळांत दीडशेंहून अधिक चित्रपटांत कामें करणारा लॉन चेनी हा असाच एक बहुरूपी होता. त्याच्या देशांत त्यास 'हजार चेहऱ्यांचा मनुष्य' असें म्हणत.

त्याच्या सोंगांची नुसती यादी देणें हा ह्या लेखाचा हेतु नाहीं. हें सामर्थ्य त्याच्या ठायीं आलें कोठून, हें आपणांस पाहावयाचें आहे. आमच्या मतें त्याचें उगमस्थान रंगपेटींत नसून एका आजारी आईच्या अंथरुणाजवळ आहे.

लॉन चेनी ह्याचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजीं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कोलोरॅडो ह्या डोंगराळ संस्थानांतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज ह्या गांवीं झाला. त्याचे वडील फ्रँक हे न्हाव्याचा धंदा करीत. आईचें नांव एमा. आईबाप दोघेंही बहिरीं होतीं. त्यामुळें घरांतील सर्व बोलणें हातांनीं, बोटांनीं व मुद्रेनें चाले. लॉन स्वतः ऐकूं व बोलूं शकत असे. पण हातांची ही भाषा त्याला आईच्या मांडीवरच मिळाली. आईचे वडील जोनाथन केनेडी ह्यांचीं स्वतःचीं कांहीं मुलें बहिरीं होतीं. त्यांनीं १८७४ सालीं त्याच गांवीं बहिऱ्या मुलांकरितां एक शाळा काढली. ती शाळा दीडशें वर्षांनंतर आजही चालू आहे.

त्या काळीं जग बहिऱ्या माणसाकडे कसें पाहत होतें, हें समजल्यावांचून ह्या घराचें मोल कळणार नाहीं. लॉनच्या जन्माच्या तीनच वर्षें आधीं, १८८० सालीं, इटलींतील मिलान शहरीं बहिऱ्यांच्या शिक्षणाविषयीं एक मोठी परिषद भरली होती. बहिऱ्या मुलांना हातांच्या भाषेनें न शिकवितां ओठांनीं बोलावयासच शिकवावें, असा ठराव तींत झाला. त्यामुळें अनेक देशांतील शाळांतून हातांची भाषा हद्दपार झाली. ह्या ठरावाबद्दल त्याच परंपरेंतील परिषदेनें खेद प्रकट केला तो २०१० सालीं, म्हणजे एकशें तीस वर्षांनीं! ज्या भाषेस विद्वानांनीं वर्गाबाहेर काढलें, तीच चेनीच्या घरांत मायेची, रागाची आणि थट्टेची भाषा होती.

लॉन चौथ्या इयत्तेंत असतांना त्याच्या आईस संधिवातानें ग्रासलें आणि ती अंथरुणास खिळली. तिची शुश्रूषा करावयास व धाकट्या भावंडांकडे पाहावयास घरांत कोणी तरी हवें होतें. लॉनची शाळा सुटली ती कायमची. आई बहिरी, त्यांत आतां घराबाहेरचें जगही तिला दिसेनासें झालें. तेव्हां हा लहान मुलगा गांवांत घडलेल्या गोष्टी तिच्यापुढें उभा राहून करून दाखवूं लागला. कोण कसा चालला, कोण कसा रागावला, कोणाची कशी फजिती झाली, हें सर्व तो हातांनीं, खांद्यांनीं, डोळ्यांनीं सांगे.

ह्या ठिकाणीं क्षणभर थांबून एका भेदाचा विचार करावा. शाळेच्या पटांगणावर लंगड्या मुलाच्या मागून लंगडत जाऊन इतरांस हसविणारा विद्यार्थी कोणीं पाहिला नाहीं? तोही नक्कलच करितो, आणि पुष्कळदां ती हुबेहूब असते. मग त्याच्यांत आणि लॉनमध्यें फरक तो कोणता? पटांगणावरील मुलगा दुसऱ्याचें व्यंग घेऊन आपल्या मित्रांची करमणूक करितो. ज्याची नक्कल होते त्याचा त्यांत कांहींच लाभ नसतो. उलट त्याचें मन दुखावतें. लॉनपुढें प्रेक्षक एकच होता, आणि तो ऐकूं शकत नव्हता व उठूं शकत नव्हता. मुलाची खूण अस्पष्ट झाली तर आईला गोष्ट कळणार नव्हती. म्हणून त्याला प्रत्येक माणूस नीट पाहावा लागे आणि नीट दाखवावा लागे. एक नक्कल तुच्छतेंतून निघते, दुसरी सेवेंतून. पुढें जगानें ज्याला मोठा अभिनय म्हटलें, तो ह्या दुसऱ्या जातीचा होता.

पुढें मोठा झाल्यावर लॉननें मिळेल तें काम केलें. घरांत गालिचे अंथरणें, भिंतींना शोभेचे कागद चिकटविणें, गांवच्या नाटकगृहांत पडदे व सामान हलविणें, असे अनेक धंदे त्यानें केले. १९०२ च्या सुमारास तो रंगभूमीवर आला व फिरत्या नाटकमंडळ्यांतून गांवोगांव हिंडूं लागला. नाचणें, विनोदी कामें करणें, दुसऱ्यांचीं नृत्यें बसविणें, प्रसंगीं व्यवस्थापकाचें काम पाहणें, हें सर्व तो शिकला. १९०५ सालीं त्याची क्लीव्हा क्रेटन ह्या तरुण गायिकेशीं गांठ पडली, विवाह झाला, आणि १९०६ सालीं त्यांना मुलगा झाला. परंतु हा संसार सुखाचा झाला नाहीं. १९१३ सालीं कलह विकोपास जाऊन त्या बाईनें दुःखाच्या भरांत नाटकगृहांतच विष घेतलें. तिचे प्राण वाचले. पण गाण्याचा गळा कायमचा गेला. ह्या प्रकरणाचा गवगवा होऊन पतिपत्नींचा काडीमोड झाला व चेनीला नाटकाचा धंदा सोडावा लागला. त्याचें पोट आतां चित्रपटांवर अवलंबून राहिलें. १९१५ सालीं त्यानें हेझेल हेस्टिंग्ज हिच्याशीं दुसरा विवाह केला व मुलाला आपल्याजवळ आणलें.

त्या वेळचे बहुतेक चित्रपट एक-दोन रिळांचे, पंधरा-वीस मिनिटांत संपणारे असत. हॉलिवुडांतील युनिव्हर्सल कंपनीच्या आवारांत कामाच्या आशेनें माणसें बसून राहत आणि दिग्दर्शक येऊन हवा तसा मनुष्य उचलून नेई. चेनी आपली रंगपेटी जवळ बाळगी. खलाशी हवा असेल तर तो खलाशी होई, म्हातारा हवा असेल तर म्हातारा, दरोडेखोर हवा असेल तर दरोडेखोर. पांच वर्षांत त्यानें ह्या एका कंपनीसाठीं शंभराहून अधिक चित्रपटांत कामें केलीं. एवढें करून त्यानें पगारवाढ मागितली, तेव्हां आठवड्यास शंभर डॉलरांहून अधिक तुझी किंमत कधींच होणार नाहीं, असें उत्तर त्याला मिळाल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. चेनीनें ती नोकरी सोडली. १९१८ सालीं विल्यम हार्ट ह्या नामांकित नटानें आपल्या एका चित्रपटांत त्याला महत्त्वाचें काम दिलें, आणि पुढच्याच वर्षीं त्याचें दैव उघडलें.

१९१९ सालच्या 'द मिरॅकल मॅन' ह्या चित्रपटांत लोकांना फसविणारी एक टोळी आहे. तींतील एक जण अंग वेडेंवांकडें करून पांगळ्याचें सोंग घेतो व चमत्कारानें बरा झाल्याचा देखावा करितो. हें काम चेनीचें होतें. सरपटत येऊन एक-एक अवयव सरळ करीत उभें राहण्याचा तो प्रसंग पाहून प्रेक्षक थक्क झाले. १९२० सालच्या 'द पेनल्टी' ह्या चित्रपटांत लहानपणीं अननुभवी डॉक्टरनें विनाकारण दोन्ही पाय कापल्यामुळें सूडानें पेटलेला मनुष्य त्यानें उभा केला. त्यासाठीं त्यानें आपले पाय मागें दुमडून चामड्याच्या पट्ट्यांनीं बांधले व गुडघ्यांवर चालला. हे पट्टे फार वेळ बांधून ठेवतां येत नसत. थोड्या थोड्या वेळानें सोडून रक्त वाहूं द्यावें लागे.

१९२३ सालीं युनिव्हर्सल कंपनीनेंच त्याला पुन्हां बोलाविलें. व्हिक्टर ह्यूगो ह्या फ्रेंच ग्रंथकाराची १८३१ सालची पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरावरील कादंबरी पडद्यावर आणावयाची होती. त्यांतील घंटा वाजविणारा क्वासिमोदो हा कुबडा, कुरूप, आणि घंटांच्या नादानें बहिरा झालेला आहे. बहिऱ्या आईबापांचा मुलगा बहिऱ्याचें काम करूं लागला! पाठीवर प्लास्टरचें कुबड, एका डोळ्यावर गांठ, तोंडांत खोटे दांत, असें भयंकर रूप त्यानें घेतलें. परंतु जमाव ज्याला चाबकाचे फटके बसतांना पाहून हसतो, त्या क्वासिमोदोला एस्मेराल्डा पाणी पाजते, तेव्हां त्या विद्रूप तोंडावर जी कृतज्ञता उमटते ती रंगाची नव्हे. १९२५ सालीं 'द फँटम ऑफ दि ऑपेरा' निघाला. पॅरिसच्या नाटकगृहाच्या तळघरांत राहणाऱ्या, मुखवट्याखालीं कवटीसारखें तोंड लपविणाऱ्या संगीतकाराचें काम त्यांत चेनीनें केलें. मुखवटा ओढला जाण्याच्या प्रसंगापूर्वीं तें तोंड कोणास कळूं नये म्हणून कंपनीनें त्याचें छायाचित्रही प्रसिद्ध होऊं दिलें नव्हतें.

हीं रूपें तो कशीं घडवी, ह्याविषयीं विद्यार्थ्यांना कुतूहल असेलच. आज मोठ्या चित्रपटांत रंगभूषेचें काम करणारे स्वतंत्र कारागीर असतात; चेनी आपला चेहरा आपणच रंगवी. कापूस व कोलोडिअन नांवाचा लवकर वाळणारा चिकट द्रव ह्यांचे थर देऊन तो गालाचीं हाडें उंच करी. कातडी आंखडून घेणाऱ्या त्याच द्रवानें जखमेचे व्रण दाखवी. मऊ पोटीनानें नाकाचा आकार बदली आणि काळ्या रंगानें डोळ्यांच्या खोबणी खोल करी. 'द रोड टु मँडले' ह्या १९२६ सालच्या चित्रपटांत आंधळा डोळा दाखविण्यासाठीं त्यानें कांचेचें पातळ कवच मुद्दाम करवून घेऊन डोळ्यांत बसविलें होतें. जाहिरातदारांनीं त्याच्या यातनांचें वर्णन फार फुगविलें. क्वासिमोदोच्या कुबडाचें जें वजन त्यांनीं छापलें, त्याहून तें बरेंच हलकें होतें असें अभ्यासकांनीं पुढें दाखवून दिलें. कष्ट खरे होते; त्यांना अतिशयोक्तीची गरज नव्हती. १९२९ सालच्या ब्रिटानिका विश्वकोशांत रंगभूषेवरील लेख लिहिण्यासाठीं संपादकांनीं ह्या चौथ्या इयत्तेंत शाळा सुटलेल्या मनुष्यालाच विचारलें. त्याची रंगपेटी लॉस एंजेलिस येथील नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयांत जपून ठेवली आहे.

मात्र स्तुति करतांना विवेक सोडूं नये. चेनीच्या कामाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९२७ सालच्या 'द अननोन' ह्या चित्रपटांत त्यानें हात नसलेल्या, पायांनीं सुऱ्या फेंकणाऱ्या सर्कशीतील मनुष्याचें सोंग घेतलें. पायांनीं करावयाचीं कित्येक अवघड कामें मात्र खरोखरच हात नसलेल्या दुसऱ्या एका कलावंतानें केलीं. प्रेक्षकांनीं तोंड पाहिलें चेनीचें, कौशल्य पाहिलें त्या दुसऱ्याचें, आणि टाळ्या पडल्या एकट्या चेनीला. त्याच वर्षींच्या 'मिस्टर वू' मध्यें तो चिनी गृहस्थ झाला. त्याच्या चिनी मुलीचें काम फ्रान्सहून आलेल्या नटीस मिळालें, आणि अॅना मे वाँग ही खरी चिनी वंशाची गुणी नटी दुय्यम भूमिकेंत राहिली. शिवाय व्यंग असलेला मनुष्य म्हणजे सूड घेणारा दुष्ट, अशी समजूत त्या काळच्या पुष्कळ कथांनीं पसरविली. चेनीचे कांहीं चित्रपटही तिला अपवाद नाहींत. त्याच्या अभिनयानें त्या माणसांविषयीं कळवळा उत्पन्न झाला हें खरें; पण त्यांची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या तोंडून, अथवा हातांतून, सांगितली जावयास आणखी पुष्कळ वर्षें लागलीं. १९८७ सालीं मार्ली मॅटलिन ह्या बहिऱ्या अभिनेत्रीस ऑस्कर पारितोषिक मिळालें. बहिऱ्या आईबापांच्या ऐकूं येणाऱ्या मुलीची कथा सांगणारा 'कोडा' हा चित्रपट २०२१ सालीं निघाला. त्यांत बापाचें काम करणाऱ्या ट्रॉय कॉट्सर ह्या बहिऱ्या नटास २०२२ सालीं तोच मान मिळाला. चेनीच्या बालपणासारखें घर पडद्यावर आलें, आणि ह्या वेळीं बहिऱ्या माणसांचीं कामें बहिऱ्या कलावंतांनींच केलीं.

चेनी स्वतः फार मितभाषी होता. मेजवान्या, मुलाखती, छायाचित्रें ह्यांपासून तो दूर राही. रंग न लावतां त्यानें केलेल्या कामांपैकीं १९२६ सालचा 'टेल इट टु द मरीन्स' हा चित्रपट प्रसिद्ध आहे. त्यांतील करारी पण मायाळू सार्जंट पाहून अमेरिकेच्या नौसैनिक दलानें त्याला आपला मानद सैनिक केलें. आपल्या मुलानें नट व्हावें असें मात्र त्याला वाटत नव्हतें. मुलगा बापाच्या पश्चात् ह्या धंद्यांत शिरला आणि 'लॉन चेनी ज्युनिअर' ह्या नांवानें प्रसिद्धीस आला.

१९२७ सालानंतर बोलपटांचें युग सुरू झालें. ज्याची सारी विद्या अबोल होती, तो आतां काय करणार, असें लोक विचारूं लागले. चेनीनें १९३० सालीं 'द अनहोली थ्री' हा आपला जुना मूकपट बोलपट म्हणून पुन्हां केला आणि त्यांत पांच निरनिराळे आवाज काढले. ते सर्व आपलेच आहेत असें त्यानें शपथपत्रावर लिहून दिलें. हजार चेहऱ्यांच्या मनुष्यानें हजार आवाजही काढले असते. पण तो त्याचा पहिला आणि शेवटचा बोलपट ठरला. तो धूम्रपान फार करी. त्याच्या फुप्फुसाच्या वाटेस कर्करोग झाला होता. २६ ऑगस्ट १९३० रोजीं, वयाच्या ४७ व्या वर्षीं, घशांत रक्तस्राव होऊन तो वारला. शेवटच्या दिवसांत त्याची वाचा गेली होती, आणि तेव्हां आईपाशीं शिकलेल्या हातांच्या खुणांनींच तो आपलें मनोगत सांगत असे, असें त्याचे चरित्रकार लिहितात. अंत्यविधीस नौसैनिकांनीं त्याला मानवंदना दिली. ग्लेनडेल येथील स्मशानभूमींत त्याच्या थडग्यावर नांव कोरलेलें नाहीं. त्याचे शंभराच्या सुमारास चित्रपट आज उपलब्ध नाहींत. 'लंडन आफ्टर मिडनाइट' ह्या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६५ सालच्या आगींत जळाली. जे उरले आहेत, ते मात्र शंभर वर्षांनंतरही माणसें पाहतात.

ह्या चरित्रापासून 'शाळा सोडली तरी मोठें होतां येतें' असा धडा कोणी घेऊं नये. लॉनची शाळा परिस्थितीनें हिरावून घेतली. तुमची तुमच्यापाशीं आहे. घ्यावयाचा धडा निराळाच आहे. आजाऱ्याजवळ बसून घालविलेला वेळ फुकट गेला असें आपण समजतों. घरांतील म्हाताऱ्या माणसाला तेंच तेंच पुन्हां सांगणें आपल्या जिवावर येतें. पण दुसऱ्याला नीट कळावें म्हणून जो धीर धरितो, तो नकळत माणसें वाचावयास शिकतो, आणि ही विद्या कोणत्याही धंद्यांत वायां जात नाहीं. पालकांसही आमची विनंति आहे कीं, मुलानें आजीच्या उशाशीं घालविलेला तास त्याच्या अभ्यासांतून वजा करूं नये.

शेवटीं विद्यार्थ्यांकरितां एक लहानसा अभ्यास सुचवितों. आज घरीं गेल्यावर पांच मिनिटें तोंडानें एक शब्दही न काढतां दिवसभराची हकीकत कोणास तरी सांगून पाहा. हात किती अडाणी आहेत, डोळे किती आळशी आहेत, तें लागलेंच कळून येईल. मग रस्त्यांत एखादा बहिरा मनुष्य बोटांनीं कांहीं सांगूं लागला, तर तुम्हांस हसूं येणार नाहीं; आपण ती भाषा शिकलों नाहीं ह्याचीच खंत वाटेल. आणि पटांगणावर कोणी लंगड्याची नक्कल करूं लागला, तर त्याला लॉन चेनीची गोष्ट सांगा.